बाल्यास, इंजिन बसवल्यावर

मानेवाडा, नागपूर
12 जानेवारी

प्रिय बाल्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही लिहिली. फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो, कारण तू पहिलं गाडीचंच विचारलं असतं. आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरचं इंजिन गेलं बे. नोव्हेंबरात चिखलदऱ्याच्या घाटात तापलं. काट्याकडे लक्ष गेलं तोवर उशीर झाला होता. काकांनी तेल काढलं तर पाणी मिसळून चहासारखं दुधाळ, अन् हेड उतरवलं तर ब्लॉकलाच, इंजिनाच्या मुख्य सांगाड्यालाच, तडा. बोर करून भागणारं नव्हतंच.

हो, रेडिएटर. त्याचं काम करून घे म्हणून तू दोन वर्षं सांगत होता अन् मी ते पैसे गाडीतल्या पलंगात, ओट्यात घातले. रामटेकहून येताना तू त्यावरून माझ्याशी कामठीपर्यंत बोलला नाही. तुझं बरोबर होतं, लेखी देतो.

आईचे गुडघे तसेच आहेत, माझं बीपी गोळीवर ठीक.

वाडीकडे एका गाडीतलं तेच 2.4 लिटरचं, मर्सिडीजच्या घराण्यातलं चार सिलिंडरचं इंजिन मिळालं. बजाज टेम्पो कंपनीची 2005 साली फोर्स मोटर्स झाली, त्याच्या आधीचं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, हाताने फिरवून पाहिला, बिल घेतलं, ब्लॉकवरचा नंबर बिलाशी जुळवला. इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, तेही केलं.

जुनं इंजिन उतरवण्याचा दिवस तू पाहायला हवा होता. पुढची जाळी, रेडिएटर काढून चेन-पुलीला लटकवलं. गिअर बॉक्सखाली जॅक लाव, त्याचं वजन क्लच प्लेटवर येऊ देऊ नको, नाहीतर प्लेट वाकते, असं काका हाताखालच्या पप्याला बजावून गेले. परत येतात तर पप्या एका हाताने गिअर बॉक्स धरून, दुसऱ्या हाताने तंबाखूचा खर्रा घोटत उभा! काकांनी त्याला जे सुनावलं ते पत्रात लिहिता येत नाही. प्लेट वाचली. मग वाडीचं इंजिन नवीन फाउंडेशन रबर टाकून बसवलं, डिझेल बंद ठेवून आधी सेल्फ मारला, तेलाच्या दाबाचा काटा वर आल्यावरच लाईनमधली एअर काढली. तिसऱ्या सेल्फला लागलं. काकांचे डोळे भरले, माझेही.

आता ज्यासाठी लिहून राहिलो ते. सकाळी थंड इंजिनात एक ठोका येतो. डिझेलची नेहमीची खडखड नाही, तिच्या आत काहीतरी टक्-टक्. गरम झालं की कमी होतो. बुटीबोरीपर्यंत नेऊन आणलं, ताकद पुरी, धूर नाही. मी ब्लॉकला स्क्रूड्रायव्हर लावून, कानाशी धरून ऐकतो, तुझ्यासारखं, पण तुझ्यासारखं कळत नाही.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलची लाईन ढिली करून पाहिली. तिसऱ्याची सोडली की ठोका जवळपास जातो. मी खुश झालो, म्हटलं नोझलच! काका म्हणाले, थांब. सिलिंडरची आग बंद केली की बेअरिंगवरचाही भार उतरतो, मग तोही ठोका दबतो. खरं कळायचं तर तिसरं नोझल पहिल्यात अन् पहिलं तिसऱ्यात टाक. ठोका नोझलसोबत सरकला तर नोझल, तिसऱ्यातच राहिला तर पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं बिग-एंड बेअरिंग. म्हणजे खालचं तेलाचं चेंबर उतरवा, क्रँक पाहा, कदाचित पुन्हा सगळं बाहेर.

अर्ध्या दिवसाचं काम आहे, नोझलखालचे नवे वॉशरही आणून ठेवलेत. तीन आठवडे झाले, हात लावला नाही. रोज सकाळी सेल्फ मारतो, ऐकतो, बंद करतो. घरच्यांना वाटतं गाडी ठीक झाली, आई तर पेंचला जायचं म्हणून डबे काढून बसली. त्या ठोक्याचं ऐकून झोप का उडावी, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

जुना ब्लॉक कडुनिंबाखाली पडला आहे. कबाडी दोनदा आला. दिला नाही.

पिंकीची बारावी आहे ना या वर्षी? वहिनींना सांग, तिला रात्री फार जागवू नका. तुझी बदली रद्द झाली ते ऐकलं, चांगलं झालं.

रविवारी नोझलं बदलतो. रात्रभर इंजिन थंड राहू देतो अन् सोमवारी साडेसहाला तुला फोन लावून ब्लॉकजवळ धरतो. तू काही बोलू नको, फक्त ऐक. साडेसहाला उठायचा तुला कंटाळा आहे, माहीत आहे. पण या वेळी उचल.

तुझा,
मन्या