हरवलेल्या चार मिलिमीटरसाठी

मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

त्या दिवशी समोरासमोर आभार मानायला गेलो, तर तुम्ही "हां हां, ठीक आहे" म्हणत चिंधीला हात पुसले आणि दुसऱ्या गाडीकडे वळलात. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो. गाडी म्हणजे जावा २५० मोटारसायकल, माझ्याहून वयाने मोठी, पिस्टन एक आणि सायलेन्सर दोन असलेली. पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. मी मोठ्या हौसेने हेड काढलं, ब्लॉक वर उचलला आणि गजनपिनचं लॉक काढायला नोजप्लायर घातला. त्याआधी, काही आत पडू नये म्हणून, खालच्या चेंबरच्या, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीच्या, तोंडात चिंधी कोंबायची असते, हे मला माहीत होतं. चिंधी शेजारीच पडलेली होती. पण "एक लॉक तर काढायचंय" असं म्हणून ती तशीच राहिली. जुनं लॉक वाकायच्या ऐवजी तुटलं. टिंग असा बारीक आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही. फरशीवर पडलं असतं तर आणखी दोनदा तरी वाजलं असतं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिस्टन ज्या आडव्या पिनेवर डोलतो, ती पिन बाजूला सरकून ब्लॉकला ओरखडे काढू नये म्हणून दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या तारेचं एकेक कडं बसवतात. तेच हे लॉक. करंगळीच्या नखाएवढा जीव. फोर-स्ट्रोक इंजिनात असा तुकडा पडला तर तो कदाचित तळाच्या ऑइलमध्ये गपगुमान बसेलही. माझ्या गाडीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये ती सोय नाही. पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण आधी खालच्या चेंबरमध्ये येतं आणि तिथून पोर्टमधून वर ढकललं जातं. म्हणजे तुकडा एक तर खाली बेअरिंगमध्ये भरडला जाणार, नाहीतर वर येऊन पिस्टन आणि ब्लॉक यांच्यामध्ये अडकणार.

तुमच्याकडे यायच्या आधी मी तिघांकडे जाऊन आलो. पहिल्याने "कोणी खोललं?" हे तीनदा विचारलं. माझं उत्तर तिन्ही वेळा तेच होतं, तरी त्याला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. मग त्याने कॉम्प्रेसरची नळी चेंबरच्या तोंडाला लावली, भसाभसा हवा मारली आणि म्हणाला, निघून गेलं असेल. दुसऱ्याचा सल्ला त्याहून थोर: जोडा आणि चालू करा, सायलेन्सरमधून आपोआप बाहेर फेकेल. हे त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, आणि मी गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं.

तिसऱ्याने मात्र गाडी तीन आठवडे ठेवून घेतली. एके दिवशी फोन आला, "काढला तुकडा, घेऊन जा." मी गेलो, तुकडा दाखवा म्हणालो. "फेकला. त्याचं काय लोणचं घालणार होतात?" मी हसलो. काका, खरं सांगतो, मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. माणूस दमला की त्याला आवडेल तेच खरं वाटायला लागतं. घरी आणून नवा पिस्टन हातात घेतला, पिन आत सरकवणार, तेवढ्यात हात थांबला. का थांबला, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी गाडी तशीच टेम्पोत घालून तुमच्याकडे आणली. "कोणी खोललं" हे तुम्ही विचारलंच नाही. तुमचा पहिला प्रश्न होता, "तुमच्या हातात राहिलेला तुकडा कुठाय?"

तो माझ्याकडे काडेपेटीत होता. आदल्या तिघांपैकी एकालाही तो बघावासा वाटला नव्हता.

मग तुम्ही मला क्रँकला हात लावू नका म्हणालात, हवा तर अजिबात मारायची नाही म्हणालात, आणि बॅटरी माझ्या हातात दिलीत. आत सगळं लोखंडच. लोहचुंबक सोडला की तो तुकड्याच्या आधी फ्लायव्हीलला जाऊन चिकटायचा. तुम्ही तो प्लॅस्टिकच्या नळीत असा घातलात की नुसतं टोक उघडं राहिलं. माझा हात थरथरत होता आणि उजेड भिंतीवर नाचत होता. तुम्ही वर न बघता विचारलंत, "जावा नाव कशावरून पडलं, माहितीये?" मी नाही म्हणालो. मालक जानेचेक, त्याचा जा. १९२९ साली त्याने वाँडरर या जर्मन कंपनीच्या गाडीचे हक्क घेतले, त्यातला वा. हे सगळं तुम्ही इतक्या निवांतपणे सांगितलंत की ऐकता ऐकता माझा हात कधी स्थिरावला ते मलाही कळलं नाही. तुम्हाला नक्की कळलं असणार.

चुंबक तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या टोकाला काळ्या ऑइलात माखलेला तुकडा होता. म्हणजे तीन आठवडे "फेकलेला" तो तुकडा चेंबरच्या तळाशी आरामात बसून होता! मी अक्षरशः टाळी वाजवली. त्या क्षणी तुम्ही पाना हातात घेतला असतात आणि गाडी जोडायला लागला असतात, तर मी नाचत घरी गेलो असतो आणि जन्मभर तुमचे गोडवे गायले असते.

पुढे तुम्ही जे केलंत, त्याच्यासाठी हे सगळं पत्र आहे. तुम्ही हात धुतलेत. साबण लावून, कोपरापर्यंत. एक कोरा कागद घेतलात. पिस्टनच्या दुसऱ्या बाजूला अजून बसलेलं, न तुटलेलं लॉक अलगद काढून कागदावर ठेवलंत आणि शिसपेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ ओढलीत, लहान मूल वाटी ठेवून गोल काढतं तशी. लॉक उचललंत. मग त्या गोलावर माझ्या काडेपेटीतला तुकडा ठेवलात. त्याच्या पुढे आत्ता सापडलेला तुकडा, पुसून. दोन्ही तुटक्या टोकांकडे चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिलात. आणि कागद माझ्याकडे सरकवलात.

गोल पुरा होत नव्हता. टोकाला पकडीसाठी आत वळवलेला आकडा असतो, तेवढाच नव्हता. तुम्ही पट्टी लावलीत. चार मिलिमीटर.

"अजून एक आहे आत," एवढंच बोललात.

काका, ते चार मिलिमीटर मला कधीच कळले नसते. मला हिशोब ठाऊक नव्हता, तो तुम्ही स्वतः मांडलात, आणि मांडलात तो स्वतःचंच काम अजून अपुरं आहे हे दाखवायला. गिऱ्हाईक खूश होऊन टाळ्या पिटत असताना त्याच्यापुढे "अजून झालं नाही" असा कागद सरकवायला काय लागतं, याचा मी तेव्हापासून विचार करतोय. हुशारी त्या तिसऱ्याकडेही असेल, हत्यारं तर तुमच्यापेक्षा जास्तच होती. आपल्याकडे चांगलं काम म्हटलं की कारागिराच्या हातातली जादू वगैरे बोललं जातं. मला त्या दिवशी जादू दिसली नाही. एक माणूस पेन्सिलीने रेघ ओढताना दिसला. ऑफिसात मी स्वतः किती फाइली "झालं" म्हणून पुढे ढकलल्यात, तेही आठवलं. ते इथे नको.

तो तुकडा शोधायला सबंध दुपार गेली. ते सगळं सांगत बसत नाही. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा तुम्ही कनेक्टिंग रॉडच्या मागे धरलात आणि मला म्हणालात, बघा. खालच्या बेअरिंगच्या काठाला, घट्ट ऑइलात रुतून, तो आकडा बसला होता. आणखी केसभर आत गेला असता तर पहिल्याच किकला रोलरखाली आला असता. हवा का मारायची नाही ते तेव्हा समजलं. पहिल्याच्या कॉम्प्रेसरनेच बहुधा तो तिथवर नेला असणार.

तुम्ही तो चिमट्याने काढून कागदावर ठेवलात. गोल पुरा झाला. तुम्ही हसलात, दिवसभरात पहिल्यांदा.

आणि नवं लॉक बसवायची वेळ आली तेव्हा चेंबरच्या तोंडात चिंधी कोंबून नोजप्लायर माझ्या हातात दिलात. मी नको नको म्हणत होतो. "तुम्हीच बसवा. नाहीतर पुढच्या वेळी इंजिनाला हात लावायला घाबराल." कड्याचं उघडं तोंड खाली ठेवून ते खाचेत सरकवलं आणि टिक असा आवाज आला. तोच धातू, तेवढाच बारीक आवाज, पण यावेळी कानाला गोड वाटला.

तुम्ही गिअरचा दांडा आत दाबून उभा केलात (जावात किकही तोच), किक मला मारायला लावलीत. पाचव्या किकला गाडी बोलली. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर आला आणि तुम्ही माझ्याकडे न बघता "मिश्रणात ऑइल जास्त झालंय तुमचं" म्हणालात.

तो कागद माझ्याकडे आहे. तिन्ही तुकडे त्यावर चिकटपट्टीने लावलेत, पेन्सिलीच्या रेघेवर, बरोब्बर. एकदा वाटलं होतं, तिसऱ्या मिस्त्रीला नेऊन दाखवावा. गेलो नाही. रिंगा बसेपर्यंत गाडी दामटायची नाही असं तुम्ही बजावलंय, आणि त्याचं गॅरेज चढावर आहे.

तुमची छोटी बॅटरी माझ्याच खिशात राहिली. रनिंग-इन संपलं की ती परत करायला येतो, ऑइलचं माप दुरुस्त करून.

तुमचा,
चिंधी विसरलेला जावावाला