तो मळ नव्हता, आई

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई मधेच रडायला लागली असती आणि बाबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला माझं वजन कमी करायचं ऑपरेशन आहे. विचारत नाहीये, सांगतेय. सह्या झाल्या, रजा मंजूर झाली. दादाला माहीत आहे. त्याच्यावर चिडू नका, मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, साखर तर नॉर्मल येते ना? येत होती, बाबा, कारण माझं स्वादुपिंड कितीतरी जास्त इन्सुलिन ओतून ती तशी ठेवत होतं. पेशी ऐकेनाशा झाल्या की शरीर आणखी मोठ्याने ओरडतं. किती वर्षं ओरडणार? यंदा एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.३ आलं. ६.५ ला मधुमेह म्हणतात. यकृतावर चरबी आधीपासूनच आहे. आणि आत्याच्या पायाचं काय झालं ते मी विसरलेले नाही.

डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधी माझी मान बघितली. मागचा तो काळा, मखमलीसारखा जाडसर पट्टा. आई, रविवारी मला न्हाणीघरात बसवून तू तो दगडाने घासायचीस, मी किंचाळायचे, तू म्हणायचीस, "किती मळ गं!" तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन फार झालं की मानेची, काखेची त्वचा तशी होते. तेव्हा आपल्याला कोण सांगणार होतं? दोष द्यायला लिहीत नाहीये गं. घासून झाल्यावर लाल झालेल्या जागी तू हळूच फुंकर घालायचीस, मला ती फुंकरच जास्त आठवते.

आणि तुझ्या हातचं खाऊन मी अशी झाले, असं मनातही आणू नकोस. दादा त्याच ताटात जेवला आणि काडीपहिलवानच राहिला.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. तीन वर्षांत चौदा किलो उतरवले, सतरा चढले. वजन उतरलं की भूक वाढते आणि शरीर कमी जाळायला लागतं, हे कळल्यावर स्वतःला आळशी म्हणणं मी सोडलं. या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. भुकेचं हार्मोन बहुतेक तिथेच तयार होतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून काही हजार लोकांवर लक्ष ठेवलं होतं. वजन कमी करायची वेगवेगळी ऑपरेशनं झालेल्यांत नवा मधुमेह बराच कमी झाला, मृत्यूही कमी झाले. जोखीम शून्य नाही, बी१२ आणि लोह जन्मभर घ्यावं लागेल, हेही मी लपवत नाही. हे सगळं एवढं का सांगतेय कोण जाणे. तुम्ही "कर" म्हणावं म्हणून असेल.

त्याच संध्याकाळी मला चालायला लावणार आहेत. आठवडाभर दादा माझ्याकडे राहील. तुम्ही नंतर या, सावकाश. खालची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे, बाबांना लागते तशी कडक गादी घातली आहे, आईला रात्री उठावं लागतं म्हणून दिवा हाताशी ठेवला आहे.

आता बाबा. उपाशीपोटी साखर ११२ म्हणजे "थोडीशीच" नव्हे, ती सीमारेषा आहे. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. अशाच सीमेवरच्या लोकांना वजन सात टक्के उतरवायला आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायला वगैरे सांगितलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. तुमच्या ८४ किलोंतले सहा गेले तरी पुरे. जेवल्या जेवल्या टीव्हीसमोर बसायचं नाही, पंधरा मिनिटं चालायचं. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. आई, तुझे गुडघे दुखतात, तर तू उंच खुर्चीवरून दहा वेळा ऊठ-बस कर. दुखलं तर थांब, हट्ट नको.

आणि पोटाचा घेर मोजून मला कळवा. पँटचा नंबर सांगू नका बाबा, ती तुम्ही पोटाखाली बांधता. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन्ही भोकं मी बघितली आहेत. आईच्या शिवणाच्या डब्यात टेप आहे. पुरुषांना नव्वद सेंटिमीटरच्या आत हवा, आई, तुला ऐंशीच्या. श्वास सोडून मोजायचं, पोट आत ओढायचं नाही. आई, टेप तू धर.

तुमची,
छकी