वराहमिहिर, फेरारा आणि विसरलेला वारबुर्ग

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतील सांस्कृतिक अभ्यासावरचा लेख आवडला. पण त्यात या विषयाचा उगम थेट १९६४ साली बर्मिंगहॅमला निघालेल्या केंद्रात दाखवला आहे. जाहिराती, सिनेमे, लोकांच्या रोजच्या आवडीनिवडी यांचा अभ्यास तिथे जोमाने झाला, हे खरेच. मात्र चित्र हा संस्कृतीचा पुरावा म्हणून कसा वाचायचा, याचा धडा कलेतिहासाने त्याच्या अर्धशतक आधीच घालून दिला होता. लेखात कलेतिहासकार आबी वारबुर्ग हे नाव एकदाही येत नाही, म्हणून हे पत्र.

वारबुर्ग (१८६६-१९२९) हा हॅम्बर्गच्या श्रीमंत बँकर घराण्यातला थोरला मुलगा. पेढीवरचा हक्क धाकट्या भावाला द्यायचा आणि बदल्यात भावाने मागेल ती पुस्तके घेऊन द्यायची, असा सौदा त्याने तेराव्या वर्षी केल्याचे तो भाऊच सांगत असे. (भावाला तेव्हा सौदा स्वस्तातला वाटला असणार!)

१९१२ साली रोमच्या परिषदेत त्याने इटलीतील फेरारा शहराच्या स्किफानोइया महालातील भित्तिचित्रांवर व्याख्यान दिले. पंधराव्या शतकातील ही चित्रे बारा महिन्यांची. प्रत्येक राशीसोबत तीन चमत्कारिक आकृत्या, ज्यांची ओळख कोणालाच पटत नव्हती. मेषेपाशी पांढऱ्या फाटक्या कपड्यातला, कमरेला दोर बांधलेला एक काळा पुरुष उभा आहे. वारबुर्गने त्याचा माग काढत बगदाद गाठले. नवव्या शतकातील ज्योतिषी अबू माशरने भारतीयांच्या मताप्रमाणे म्हणून अशाच पुरुषाचे वर्णन केले होते. तिथून तो पोचला वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’पर्यंत. कमरेला शुभ्र वस्त्र, काळा वर्ण, लाल डोळे, हाती उगारलेला परशु: हा मेषेचा पहिला द्रेष्काण. कुंडली मांडणाऱ्या वाचकांना द्रेष्काण म्हणजे काय हे सांगायला नको; इतरांसाठी, राशीचा एक तृतीयांश भाग.

ही हकीकत कानावर आली की आपल्याकडे लगेच ‘बघा, सगळे आमच्याकडूनच गेले’ सुरू होते. वारबुर्गचे म्हणणे तसे नव्हते. त्या काळ्या पुरुषाच्या आड त्याला ग्रीकांच्या आकाशातला पर्सियस, म्हणजे तारकासमूह झालेला पुराणवीर, दिसत होता. म्हणजे भारत हा वाटेतला एक मोठा मुक्काम. पहिला कोण, या वादापेक्षा एखादी प्रतिमा शतकानुशतके कशी टिकते, वेष पालटून दुसऱ्या मुलखात पुन्हा का उभी राहते, हा त्याचा प्रश्न होता. आज सांस्कृतिक अभ्यासात हाच प्रश्न नव्या नावांनी विचारला जातो. अखेरच्या वर्षांत तर त्याने काळ्या कापडाच्या फलकांवर प्राचीन शिल्पे, प्रबोधनकाळातील चित्रे, टपाल तिकिटे, जाहिराती आणि वर्तमानपत्री छायाचित्रे शेजारी शेजारी लावली. काम अपुरे राहिले.

नाझी सत्तेवर आल्यावर १९३३च्या डिसेंबरात त्याचे ग्रंथालय बोटींनी लंडनला हलवले गेले आणि १९४४ साली लंडन विद्यापीठात सामील झाले. हॅम्बर्गलाच शिकवणारे, १९३३ सालीच नोकरी गमावलेले कलेतिहासकार पानोफस्की अमेरिकेत स्थिरावले. गॉथिक चर्चची बांधणी आणि मध्ययुगीन पंडितांची विचारपद्धती यांतले नाते उलगडणाऱ्या त्यांच्या पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद १९६७ साली केला तो समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यूने. आणि त्याला जोडलेल्या लेखात ‘हॅबिटस’ची, म्हणजे समाजातून अंगवळणी पडलेल्या विचार-वागण्याच्या सवयींची, मांडणी केली. आमच्याकडचे विद्यार्थी परीक्षेत हॅबिटसवर पानेच्या पाने लिहितात. त्यामागे एक कलेतिहासकार उभा आहे, हे किती जणांना सांगितले जाते?

वारबुर्गच्या वाटेत उणीव नाही असे नाही. चित्रासमोर उभा राहणारा साधा माणूस तिथे फारसा भेटत नाही. त्या बाबतीत बर्मिंगहॅमवाले सरसच. पण आपल्या कला महाविद्यालयांत कलेतिहास म्हणजे शैली, काळ आणि आश्रयदाते पाठ करणे, आणि विद्यापीठात सांस्कृतिक अभ्यास म्हणजे चित्र न दाखवता सिद्धांत शिकवणे, ही फारकत मला जास्त खटकते.

लेखमाला पुढे चालणार असेल तर एक भाग या परंपरेवर यावा, ही विनंती. त्यात मेषेच्या त्या पुरुषाचे छायाचित्र रंगीत छापावे आणि शेजारी वराहमिहिराचा मूळ श्लोक द्यावा.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, पुणे