अळंब्यांच्या प्रदर्शनासाठी वारुळं खणू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका शाळेतल्या रानभाज्या-अळंब्यांच्या प्रदर्शनाचा फोटो पाहिला. टेबलावर पांढरा कागद, त्यावर पंचवीस-तीस अळंब्या ओळीनं मांडलेल्या आणि पाठीमागे हसऱ्या चेहऱ्यांची मुलं. पावसात भिजून, चिखल तुडवून मुलं रानात गेली याचा मला मनापासून आनंद झाला. पण प्रत्येक अळंबीखाली वीतभर लांब मुळी अखंड लोंबत होती, ती पाहून जीव कळवळला. एवढी मुळी न तुटता वर आणायची तर वारूळ फोडावंच लागतं. ते किती खोल फोडलं असेल, हे त्या मुळीच्या लांबीवरूनच कळत होतं.

ही वारुळाची अळंबी, शास्त्रीय नाव टर्मिटोमायसेस. तिची ती मुळी म्हणजे खरं तर देठच. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चावून आणते, त्या चोथ्याचे मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र गोळे रचते आणि त्यावर या बुरशीची शेती करते. जमिनीखालच्या त्या गोळ्यापासून देठ माती भेदत वर येतो, म्हणून तो एवढा लांब. बाजारातल्या लागवडीच्या धिंगरी अळंबीसारखी भाताच्या पेंढ्यावर ही अळंबी वाढत नाही. तिला वाळवीच लागते. वरची छत्री हळूच पिरगळून घेतली तर खालची शेती शाबूत राहते आणि पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा अळंब्या येतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना अशा जागा वर्षानुवर्षं पाठ असतात. कुदळीनं गोळाच फोडला तर ती जागा गेली. शेजारच्या गोव्यात डॉ. नंदकुमार कामत यांच्यासारखे कवकशास्त्रज्ञ (कवक म्हणजे बुरशी) या अळंबीच्या बेसुमार तोडणीविरुद्ध अनेक वर्षं कळकळीनं सांगत आले आहेत. बाजारासाठी होणारी तोड थांबवणं अवघड आहे, ते पोटाशी निगडित आहे. पण प्रदर्शनासाठी वारूळ फोडायचं काही कारण नाही, आणि हेच सांगायला हे पत्र लिहितो आहे.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत सहायक होतो. उमेदीच्या काळात मीही वाटेल ते उपटून आणलं आणि फॉर्मॅलिनच्या बरण्यांत भरलं. बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन एक भाग, पाणी नऊ भाग, की झालं काम. साठेक बरण्या जमल्या होत्या. दोन वर्षांत त्यातला एकही रंग उरला नाही. लाल, पिवळी, जांभळी, सगळ्या अळंब्या उकडलेल्या बटाट्याच्या रंगाच्या झाल्या. चिठ्ठ्या मी शाईनं लिहून बाहेरून डिंकानं चिकटवल्या होत्या. काहींची शाई ओलीनं पसरली, काहींचा डिंक कसरीनं खाल्ला. पुढे एकदा तपासणीच्या आधी कपाटं साफ करताना त्या सगळ्या बरण्या रिकाम्या केल्या गेल्या. मी रजेवर होतो. परत आल्यावर भांडलो, पण मनातून मला ठाऊक होतं की ज्या बरणीत काय आहे, कुठून आणलं, कधी आणलं हे मलाच सांगता येत नाही, तिच्यासाठी कुठल्या तोंडानं भांडायचं? फॉर्मॅलिनच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं, ते आम्ही नोकरीचा भाग समजत होतो. पुढे २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मल्डिहाइड, म्हणजे फॉर्मॅलिनमधलं मुख्य रसायन, माणसात कर्करोग घडवतं असा निर्वाळा दिला. शाळकरी मुलांच्या हातात तर ते मुळीच देऊ नये. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. नीट सुकवलेल्या अळंबीतून तो कित्येक वर्षांनीही काढता येतो.

म्हणून सुकवणं हाच खरा मार्ग. आता आमच्या सावंतवाडीच्या पावसात जिथं अंगावरचे कपडे वाळत नाहीत तिथं अळंबी काय वाळणार, असं कुणीही विचारेल. मी यासाठी पत्र्याचा तेलाचा डबा वापरतो. तळाशी जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब (एलईडी चालत नाही, त्याची ऊब पुरत नाही), वर वीतभर अंतरावर तारेची जाळी, बाजूंना खिळ्यानं पाडलेली भोकं आणि वर अर्धवट झाकण. आतली ऊब चाळीस ते पंचेचाळीस अंशांवर ठेवायची. त्याच्या वर गेली की अळंबी सुकत नाही, शिजते. जाड अळंबी उभी चिरून ठेवायची. एक रात्र आणि गरज पडली तर दुसरा दिवस. बोटांत धरून वाकवली की काडीसारखी कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून ओल आहे. मग झिपच्या पिशवीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद करायची आणि आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाकायची. पेन्सिलच, कारण ती ओलीनं पसरत नाही.

सुकताना रंग जातो, आकार आक्रसतो. म्हणून डब्यात घालण्याआधीचा तास सगळ्यात मोलाचा. छत्रीचा रंग, खालच्या पाळ्यांचा (छत्रीखालच्या पातळ पडद्यांचा) रंग, देठावर कडं आहे का, चिरल्यावर मांस निळं-तांबडं होतं का, चीक येतो का, वास कसा आहे, कुठल्या झाडाखाली किंवा कशावर उगवली होती, तारीख, गाव, हे सगळं ताजेपणीच वहीत उतरवायला हवं. मोजपट्टी शेजारी ठेवून वरून, खालून, बाजूनं फोटो. एवढं नसेल तर ती सुकी अळंबी म्हणजे निव्वळ कचरा, मग कितीही सुंदर मांडा.

आणि बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक पुडीचा, ठसा. हा प्रयोग प्रत्येक शाळेत व्हावा असं मला फार वाटतं. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्यायचा, देठ कापून छत्री त्यावर पालथी ठेवायची आणि वर काचेचा वाडगा झाकायचा. सकाळी छत्री उचलली की कागदावर पाळीन्‌पाळी उमटलेली दिसते, रांगोळीच्या बारीक रेषांसारखी. एकदा महाविद्यालयाच्या मैदानातल्या गवतात उगवलेली ताटलीएवढी पांढरी अळंबी मुलांनी आणली होती. वर तपकिरी खवले, खाली पांढऱ्याशुभ्र पाळ्या. दोन मुलं म्हणाली, आमच्या घरी असलीच भाजीला आणतात. रात्रभर ठेवली. सकाळी काळ्या अर्ध्यावर फिकट आणि पांढऱ्या अर्ध्यावर स्वच्छ शेवाळी हिरवा ठसा! ती क्लोरोफायलम मोलिब्डायटिस होती, खाल्ली तर दिवसभर उलट्या-जुलाब करवणारी. कोवळी असताना तिच्या पाळ्या पांढऱ्याच असतात, हिरवेपणा नंतर येतो, म्हणून माणूस फसतो. त्या दिवशी सगळा वर्ग त्या कागदाभोवती दाटीवाटीनं उभा होता. म्हणूनच प्रदर्शनात अळंबीपुढे ‘खाण्यायोग्य’ अशी पाटी लावू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. ती पाटी वाचणारा माणूस घरी जाऊन तशीच दिसणारी दुसरीच अळंबी शिजवतो. चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडतो का, या परीक्षांनीही विष ओळखता येत नाही.

जी कवकं वाळूनही मूळ रूप राखतात, ती मांडायला खुशाल घ्यावीत. लाकडावरची गॅनोडर्मा, पंख्यासारखं शायझोफायलम (वाळल्यावर मिटतं, पाणी शिंपडलं की पुन्हा उमलतं, मुलांना हे फार आवडतं), पक्ष्याच्या घरट्यासारखं दिसणारं इवलंसं सायथस. मात्र लाकडावरच्या या बुरशीत किडे असतात, आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवल्याशिवाय कपाटात ठेवू नये. नाहीतर वर्षभरात नुसता भुसा उरतो.

आणि जी राखत नाहीत त्यांचं काय? शाईसारखी विरघळणारी अळंबी तर काही तासांत काळं पाणी होते. लंडनचे चित्रकार आणि निसर्गअभ्यासक जेम्स सॉवर्बी यांना सव्वादोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडला होता. लोकांना विषारी आणि खाण्याची अळंबी नीट कळावी म्हणून त्यांनी मातीच्या रंगीत प्रतिकृती घडवल्या आणि आपल्या घरी लोकांना पाहायला ठेवल्या. त्या आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. मातीची कला आपल्याकडे काय कमी आहे? अळंब्या उगवतात त्याच दिवसांत गावोगावच्या गणपतीच्या शाळांमध्ये शाडूची माती भिजत पडलेली असते. गेल्या वर्षी मी एक वारुळाची अळंबी, एकच, घेऊन आमच्या मूर्तिकारांकडे गेलो. त्यांनी ती तळहातावर घेतली, उलटी केली, नखानं पाळ्या मोजल्या. ‘काका, टोकाला हे टोचरं कशाला?’ त्यांनी विचारलं. माती भेदून वर यायला, मी म्हटलं. मग त्यांनी बांबूच्या कोरणीनं ते टोक असं काढलं की मूर्तीच्या मुकुटाची कळी काढावी. लांब देठ खाली तारेवर घेतला, त्याखाली वाळवीचा गोळा केला, कापलेल्या वारुळासारखा. वारूळ न खणता मुलांना जमिनीखालचं सगळं दिसलं.

खरी अळंबी एक-दोनच घ्यावी, नोंदीसाठी, आणि ती कपाटात पडून राहू देऊ नये. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवकसंग्रह आहे. आजरेकर या आडनावातच आमच्या घाटावरचं आजरा गाव आहे. अशा संग्रहात नीट सुकवलेला, टिपणासह ठेवलेला नमुना पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय एक छत्रीही तोडू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार तिथून काहीही नेता येत नाही, आणि शाळेचं प्रदर्शन म्हणून त्यात सूट नाही. जिथं तोडता येत नाही तिथं फोटो आणि वही पुरेशी आहे.

आपल्या वाचकांत अनेक शिक्षक आहेत. श्रावण तोंडावर आला आहे. माझा पत्र्याचा डबा आणि दोन जास्तीचे पिवळे बल्ब माळ्यावर आहेत. तालुक्यातल्या ज्या शाळेला हवे असतील तिनं आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी स्वतः नेऊन देईन आणि एक दिवस थांबून सुकवायला शिकवीन. मूर्तिकारांनीही दोन गोळे शाडू राखून ठेवायचं कबूल केलं आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग