बीए पॉलिटिकल सायन्सचा हप्ता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या करिअर पुरवणीत आर्ट्सवाल्यांच्या संधींवर अख्खं पान होतं. राज्यशास्त्र घेतलं की यूपीएससी, पत्रकारिता, एनजीओ, निवडणुकीच्या कंपन्या, संशोधन, सगळं होतं त्यात, पण फी किती जाते आणि नंतर हातात किती पडतात हे कुठंच नव्हतं. आमच्या घरात वर्षभर त्याच दोन आकड्यांवर बोलणं चाललंय म्हणून लिहितोय.

मोठी मुलगी 2021 ला पुण्याला एका खासगी विद्यापीठात बीएला गेली, मेन विषय राज्यशास्त्र. हुशार आहे, घरात पेपर आला की आधी अग्रलेखाचं पान काढून घेणार. वर्षाची फी दोन लाख, म्हणून तीन वर्षांचं सहा लाखांचं एज्युकेशन लोन केलं, राहण्याखाण्याचं मी पगारातनं भागवलं (मी एसटीत आहे, बाकी समजून घ्या). साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, बापाची सही लागते, ती केली. बँकेतल्या साहेबांनी फीचं पत्रक घेतलं, माझ्या पगाराच्या स्लिपा घेतल्या, पण ही डिग्री झाल्यावर पोरीला पगार किती मिळेल हे त्यांनी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही नाही. म्हैस घेताना दूध किती देते हे आपण चार जणांना विचारतो.

आता हिशोब. व्याज साडेदहा टक्के. कोर्स चालू असताना आणि पुढं एक वर्ष हप्ता नसतो हे सगळे सांगतात, पण पहिले दोन लाख कॉलेजला गेले त्या दिवसापासून व्याज धावायला लागतं हे कुणी डोळ्यासमोर मांडून दाखवत नाही, सरळव्याजानंच चार वर्षांत 1 लाख 89 हजार झाले. म्हणजे जुलै 2025 ला पहिला हप्ता आला तेव्हा सहाचे 7 लाख 89 हजार झालेले. दहा वर्षांची मुदत, हप्ता साधारण 10,650, फेडून होईपर्यंत पावणेतेरा लाखांच्या वर जाणार. पंधरा वर्षं केली तर हप्ता 8,700 च्या आसपास येतो पण एकूण साडेपंधरा लाखांच्या पुढं जातं, म्हणजे पोरगी चाळिशीला टेकेपर्यंत बीएच फेडत बसायची.

आणि पगार. 2024 ला विधानसभेच्या वेळी एका सर्व्हे कंपनीत तिला महिना 35 हजार मिळाले, आम्ही खूश, गल्लीत पेढे वाटायचेच बाकी होते. 23 नोव्हेंबरला निकाल लागला आणि त्याच महिन्यात काम संपलं. आता एका संस्थेत 22 हजारावर आहे. कॉट बेसिसचे (खोलीतल्या एका खाटेचं भाडं) साडेपाच हजार, मेस 3,200, हप्ता गेला की उरतात 2,650, त्यात बसचा पास, मोबाईल, आजारपण, सगळं आलं. कुणीतरी सांगितलं एज्युकेशन लोनच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते. अहो, 22 हजाराला टॅक्स लागतोच कुठं, आणि ती सूटही जुन्याच रिजीममध्ये. कमी उत्पन्नवाल्यांना केंद्राची व्याजमाफी होती, पण ती प्रोफेशनल आणि टेक्निकल कोर्सला, बीएला नाही. नोव्हेंबर 2024 ला पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची एज्युकेशन लोनची योजना मंजूर झाली, त्यात बीएसुद्धा बसतं म्हणे पण संस्था सरकारच्या यादीतली हवी, आणि आमचं शिक्षण तोवर संपलं होतं.

पाहुणे म्हणतात, तरी सांगत होतो आर्ट्सला नको. मला ते अजिबात पटत नाही. चूक विषयाची नाही, तो केवढ्याला घेतला त्याची आहे. फार्मसी, नर्सिंगचं काम त्या विषयाच्या डिग्री-डिप्लोमाशिवाय करताच येत नाही, बीएचं तसं नाही. तलाठ्याच्या जाहिरातीत कुठल्याही शाखेची पदवी एवढंच असतं, मूळ पगार 25,500, दोन लाख फीच्या कॉलेजातला असो की तालुक्याच्या अनुदानित कॉलेजातला. 2023 च्या भरतीला जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या वर, ते वेगळंच. प्राध्यापक व्हायचं तर एमए, मग नेट नाहीतर सेट ही पात्रता परीक्षा, पुढं सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार 57,700 दिसतो खरा पण भरती निघेपर्यंत कितीतरी जण तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागं मानधन घेऊन, केस पांढरे करून घेतात.

मुलीचं म्हणणं वेगळं आहे, तेही लिहितो. ती म्हणते, पप्पा, तिथं मी चार लोकांत उभं राहून इंग्लिशमध्ये बोलायला शिकले, ते सर्व्हेचं कामही तिथल्या सरांमुळंच मिळालं. खरंय ते. पण सहा लाखांचं खरंय का, यावर आमची अजून भांडणं होतात.

धाकट्याची यंदा बारावी झाली, त्यालाही राज्यशास्त्रच हवंय, बहिणीचं सगळं बघून सुद्धा. मी नाही म्हटलं नाही. इथल्याच अनुदानित कॉलेजात फॉर्म भरलाय, वर्षाची फी पाच आकडी सुद्धा नाही, एसटीनं जाऊन येऊन करेल. एमएला पुणे विद्यापीठ नाहीतर दिल्ली, हैदराबादचं सरकारी विद्यापीठ मिळालं तर तेव्हा लागतील म्हणून पोस्टात आरडी चालू केलीय, महिना दोन हजार.

तुम्हाला एकच विनंती. पुढच्या जूनच्या पुरवणीत प्रत्येक कोर्ससमोर पूर्ण फी, तेवढ्या लोनचा हप्ता आणि मागच्या वर्षीच्या मुलांचा पहिला पगार अशी तीन खणांची चौकट छापा. आणि पगार छापताना बीएच्या मुलांचाच छापा, कारण आम्हाला मिळालेल्या माहितीपत्रकात जे पॅकेज होतं ते नंतर कळलं की इंजिनिअरिंगवाल्यांना धरून काढलेलं होतं. त्याच विद्यापीठाची पानभर जाहिरात यंदा तुमच्या पुरवणीत मागच्या पानावर आहे.

आपला,
एक पालक, सातारा