तळहातातली गाठ

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "माझ्याही तळहाताला गाठ लागतेय," आणि लगेच मॅचचा स्कोअर सांगायला लागलास. माझं तेव्हापासून कशात लक्ष नाही. जिममुळे घट्टा पडला असेल म्हणतोस. असेलही. पण घट्टा कातडीवर असतो, ही गाठ कातडीच्या आत. तेवढं चाचपून बघ.

माझं असंच सुरू झालं. दुखणं-खुपणं नाही. भाकरी थापताना करंगळीशेजारचं बोट आत वळायला लागलं आणि प्रत्येक भाकरीला त्याच जागी खळगा. बाबा म्हणाले, "शिक्का मारतेस का?" डॉक्टरांनी हात टेबलावर पालथा ठेवायला लावला, तर खालून पेन आरपार गेलं. या दुखण्याला डुपिट्रेन म्हणतात. त्या नावाच्या पॅरिसच्या सर्जननं १८३१ मध्ये याचं ऑपरेशन केलं होतं. शीर आखडलेली नसते. कातडीखालचा पडदा जाड होतो, त्याची दोरी होते आणि ती बोट आत ओढते.

मग हात सोडून ते भलतंच विचारायला लागले. साखर आहे का? फिट्स येतात का? घरात आणखी कोणाचं बोट असं आहे? अप्पांचं होतंच. त्याच वाकड्या बोटात मांजा अडकवून ते तुला पतंग उडवायला शिकवायचे, आणि तू गच्चीभर नाचायचास. तुला वाटायचं, बोट मुद्दाम तसं केलंय.

माझी साखर ७.९ निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी असते ना, एचबीए१सी, ती. ६.५ किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह. गाठ आली म्हणजे साखर असतेच असं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण मधुमेह्यांत ही गाठ जास्त दिसते. दारू-सिगरेटवाल्यांतही. तुला मी काही विचारत नाही. रात्री दोनला जेवणं, ऑफिसच्या पार्ट्या... झालं, लागले मी भाषण द्यायला. रागावू नकोस. टीम लीड झालास हे मी वाण्यापर्यंत सांगून आलेय.

पण साखर तपास. अप्पांच्या बोटाकडे सगळे बघायचे, साखरेकडे कोणीच बघितलं नाही.

या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, म्हणजे ती सबब नको. शनिवारी जा, रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर टाक. बाबांना टाकू नकोस, ते उगाच जागत बसतात. बेबीबरोबर मेतकूट पाठवलंय.

तुझी,
आई