घरट्याचा पत्ता सोडून बाकी सगळं

नागानो (जपान), ९ जून

प्रिय नंद्या,

"सान्कोच्योच्या घरट्याचं लोकेशन टाक, बाकी मी बघतो." इथल्या त्या लांबशेपट्या पक्ष्याबद्दलचा तुझा हा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. 'नाही' म्हणायचं जिवावर आलं म्हणून गप्प बसलो, ते चुकलंच. माझी पाठ आता बरी आहे. आईच्या डोळ्यांत थेंब घालणं चालू आहे.

परवा सुगीच्या, म्हणजे इथल्या सूचिपर्णी झाडांच्या, रानात त्याचं एक घरटं दिसलं. भोवतीच्या तीन डहाळ्या कुणीतरी फोटोसाठी कात्रीने साफ छाटलेल्या, काप अजून ओले. डोळ्यांसमोर चिपळूण उभं राहिलं. तो तिबोटी खंड्या, ती सुतळीने बांधलेली फांदी, आणि परतीच्या एसटीत महाडपर्यंतचा आपला अबोला. हे इथे कुणाला सांगू?

सान्कोच्यो म्हणजे आपल्या स्वर्गीय नर्तकाचा चुलतभाऊ. पाठ जांभळट काळी, डोळ्याभोवती झगझगीत निळं कडं, नराची शेपटी अंगाहून कितीतरी लांब. बारीक दुबेळक्यात सुगीच्या सालीच्या धाग्यांची वाटी विणतो, कोळ्याच्या जाळ्याने आवळतो, बाहेरून दगडफूल चिकटवतो. वरची पानं हेच त्या घरट्याचं छप्पर. ती छाटली की ऊन थेट पिल्लांवर येतं आणि कावळ्याला सगळं उघडं दिसतं. अंडी नर-मादी आळीपाळीने उबवतात. खाली माणसं उभी राहिली की बाहेरचा पक्षी आत यायला धजत नाही, बदली रखडते. तू म्हणशील, "माझी सहाशे मिमीची लेन्स आहे, मी लांबून काढीन." अरे, तू लांब राहशील, पण तुझा ट्रायपॉड बघून आणखी दहाजण येतील. चिपळूणला हेच झालं होतं. पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला कॉल वाजवणंही नको. नर वैरी आला समजून चारा सोडून धावतो, आणि विणीत त्याला तेवढी फुरसत नसते.

म्हणून घरट्यावर नाही, पाण्यावर बस. तू ९ जुलैला येतोयस. तोवर खालच्या रानातलं गाणं ओसरायला लागतं, पानं दाट होतात, आवाज येतो पण पक्षी दिसत नाही. उंचावर वीण उशिरा चालते. फुजीच्या उतारावर सुमारे २,२०० मीटरवर ओकुनिवा नावाची जागा आहे. तिथली जमीन ज्वालामुखीची, पाऊस झिरपून जातो, ओढा नाही. त्यामुळे एवढ्याशा डबक्यावरही सगळे पक्षी येतात: उसो, किकुइतादाकी, हिगारा, निळा रुरिबिताकी. तपकिरी रुरिबिताकी गाताना दिसला तर मादी समजू नकोस, तो तरुण नर असतो. पूर्ण निळा व्हायला त्याला वर्षं लागतात. डबक्यापासून मागे, खाली बसून राहा. पाणी पिणाऱ्या पक्ष्याला शटर १/५०० पुरतं, अंघोळीचे थेंब हवे असतील तर १/१०००. आयएसओ ३२०० ला घाबरू नकोस. ढग दुपारपर्यंत चढतात, त्याआधी काम उरक. चढाईच्या मोसमात तिथे जाणाऱ्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद ठेवतात, पायथ्याच्या कावागुचिकोहून बस घ्यायची.

मग इथलं, नागानोचं, तोगाकुशीचं रान. तिथल्या फळीवाटा अरुंद, ट्रायपॉड मांडलास की मागचे अडतात, म्हणून मोनोपॉड आण. सूर्य साडेचारच्या सुमारास उगवतो आणि बस पोचेपर्यंत पहाटेचं गाणं संपलेलं असतं, तेव्हा मुक्काम गावातच. पानांतून झिरपलेल्या उजेडात पांढरं पोट हिरवट येतं, म्हणून फोटो रॉ फाइलमध्येच काढ. मागे आकाश असलेल्या पक्ष्याला एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढव, नाहीतर नुसती सावली हाती येते. एसीतून बाहेर पडलास की बॅग अर्धा तास उघडू नकोस, काचेवर दव धरतं. अस्वलाची घंटा कमरेला हवीच: चालताना वाजू दे, थांबलास की घंटेचा लोलक मुठीत धर. गवतात बसलास तर रात्री गोचीड तपास.

वेळ उरला तर बिवा सरोवर. त्याचं जुनं नाव निओ-नो-उमी, म्हणजे टिबुकल्यांचा समुद्र! आपली टिबुकली तिथला, शिगा प्रांताचा, मानाचा पक्षी आहे. जवळ गेलास तर ती अंड्यांवर पाणवनस्पती ओढून निसटते, फोटो तरंगत्या कचऱ्याचा येतो. काठावर लवकर बस. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी पिसं मऊ येतात.

इथल्या लोकांनी पाखरांच्या तोंडी शब्द घातलेत, आपण पावशाला 'पेर्ते व्हा' म्हणतो तसे. सान्कोच्यो म्हणतो 'त्सुकी, हि, होशी, होई होई होई': चंद्र, सूर्य, तारे, तीन प्रकाश, म्हणून सान्कोच्यो. सेन्दाइमुशिकुई नावाचा वटवट्या म्हणतो 'शोच्यू इप्पाइ गुई', एक पेला दारू घशाखाली! हे दादांना सांगू नकोस, तुझं येणंच रद्द करतील.

बढतीबद्दल अभिनंदन, रे. मनूचा दहावीचा निकाल कळव. घराचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार.

घरट्याचा पत्ता मी देणार नाही, चिपळूणसारखा महिनाभर रुसलास तरी. पण आवाज ऐकवीन. अंधार असताना रानाच्या कडेला उभे राहू, कॅमेरे बॅगेत. मेतकूट आण.

तुझा,
अव्या